कंपासमधला कंपास

लातूरच्या गंजगोलाईत उभं राहून कुणाला 'उत्तर कुठं?' असं विचारलं, तर समोरचा आधी विचारणाऱ्याकडं नीट बघून घेतो. इथं दिशा मालावरून ठरतात. सराफ लाईन, कापड लाईन, भुसार लाईन. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या चौकात १६ रस्ते येऊन मिळतात. मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवतीनं १९४५ साली उभी राहिलेली दुमजली गोल इमारत. होकायंत्राच्या तबकडीवरही चार दिशा, चार उपदिशा आणि त्यांच्या मधल्या आठ, अशा १६ खुणा असतात. इंग्रजीत होकायंत्रालाही कंपास म्हणतात आणि वर्तुळ काढायच्या परकारालाही. गोलाईच्या नकाशात हे दोन्ही कंपास एका जागी आले आहेत: वर्तुळ परकाराचं, वाटा होकायंत्राच्या.

पण जून महिन्यात गोलाईच्या आसपासच्या एखाद्या दुकानात जाऊन 'एक कंपास द्या' म्हणा. या दोन्हींपैकी काहीच हातात पडत नाही. दुकानदार फळीवरून पत्र्याची चपटी पेटी काढतो. आत पट्टी, कोनमापक, दोन गुण्ये, शिसपेन्सिल, खोडरबर. परकारही असतो, पण तो अनेकांतला एक. मराठी पोरांसाठी कंपास म्हणजे ती पेटी. म्हणूनच लातूर-नांदेडच्या कुठल्याही शाळेत 'सर, माझ्या कंपासमधला कंपास हरवला' अशी तक्रार येते आणि सरांना ती पहिल्या फटक्यात कळते.

पेटीत आणखी एक भांडण बंद असतं. 'कर्कटक' नेमकं कशाला म्हणायचं? कुणी पेन्सिल अडकवायच्या परकाराला म्हणतं, कुणी दोन्ही टोकांना सुया असलेल्या दुभाजकाला. संस्कृतात कर्कट म्हणजे खेकडा, आणि नांग्या तर दोघांनाही आहेत. 'परकार' मात्र फारसीतून आला, तिकडं तो परगार. मराठवाड्याला हा शब्द परका वाटायचं कारण नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादेत १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिलं जाई. त्या उर्दूत होकायंत्राला कुतुबनुमा म्हणतात, म्हणजे ध्रुव दाखवणारा.

आतल्या वस्तूचं नाव पेटीला चिकटलं, हा मराठीचा गावरान घोळ आहे असं कुणाला वाटेल. जगभर याच्या उलट घडलेलं आहे: तिथं पेटीचं नाव आतल्या वस्तूला मिळालं. इटालियन दर्यावर्दी होकायंत्राला 'बुस्सोला' म्हणू लागले, त्याचा अर्थ लहान लाकडी डबी. फ्रेंचांनी तोच शब्द उचलून 'बुसोल' केला. अरबी 'हुक्का' म्हणजेही डबी. सुई ठेवायच्या डबीला अरब खलाशी तेच म्हणत. तो शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि होकायंत्रातला 'होका' झाला. तंबाखूचा हुक्का त्याचाच सख्खा भाऊ. गुजरातीत तर आजही ओढायचा तो 'होको' आणि दिशा दाखवतं ते 'होकायंत्र'. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मराठवाड्यातल्या भूगोलाच्या वहीत हा खलाशांचा शब्द पाठ केला जातो.

आकाशातही हेच. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला-लुई द लाकाय १७५१-५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी मुक्काम करून दक्षिणेकडचे तारे मोजत होता. मोकळ्या राहिलेल्या जागांना त्यानं देवादिकांची नावं न देता अवजारांची दिली. एका तारकासमूहाचं नाव सर्सिनस, म्हणजे परकार. दुसऱ्याचं पिक्सिस, म्हणजे होकायंत्र, आणि ग्रीकमध्ये पिक्सिस म्हणजे पुन्हा डबीच. नांदेडहून पाहिलं तर परकार जूनच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम आठ अंश वर येतो. शाळा उघडायचा तोच काळ, पण तेव्हा ढग असतात. डबी मार्चमध्ये त्याच वेळेला बरीच वर, दक्षिणेला असते. तेव्हा आकाश मोकळं असतं, पण दहावीची पोरं मान वर करत नाहीत.

या पेटीच्या व्यापारात मराठी माणसाचं नाव ठळक आहे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुडीपासून धंदा सुरू केला, त्याचंच पुढं कॅमलिन झालं. वाळवंटात वाट न चुकणारा उंट कंपासपेटीवर आला आणि पिढ्यांच्या दप्तरात बसला. आता पुण्याजवळच्या रांजणगावात २०१७ पासून कंपास नावाची जीपही तयार होते. ती रस्त्यानं गेली की मागची अक्षरं वाचून एखादं पोर हसतं, कारण त्याच्या डोळ्यांपुढं पट्टी-खोडरबर उभं राहतं.

होकायंत्र या भागात खऱ्या अर्थानं वापरलं ते मोजणीवाल्यांनी. प्लेन टेबलाच्या मोजणीत तिवईवरच्या फळ्यावर कागद ताणायचा आणि लांबट डबीतली सुई स्थिरावली की तिच्या रेघेवरून उत्तर पक्की करायची. बांधाचा वाद मग त्या रेघेच्या आधारानं कागदावर उतरे. आता उपग्रहाशी जोडलेला रोव्हर आला आहे. खरेदीखतात मात्र चतुःसीमा अजून तशीच लिहिली जाते: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस नाला.

खुद्द जमिनीतही एक होकायंत्र बंद आहे. काळ्या मातीखालचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल विंधन घेतलं गेलं, तेव्हा हा पाषाण ३३८ मीटरपर्यंत लागला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांत त्या वेळची चुंबकीय दिशा कायमची गोठते. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या पाषाणाचं असं मोजमाप प्रसिद्ध केलं. हा मुलूख तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, याचा पुरावा त्या कणांनी दिला. शिवाय दख्खनच्या बऱ्याच थरांत दिशा उलटी भरते, कारण त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच अदलाबदल झालेले होते. आजची कंपासची सुई तेव्हा नेली असती, तर तिनं उत्तरेऐवजी दक्षिण दाखवली असती.

दहावीपर्यंत कंपासवाचून वर्गात बसता येत नाही. लातूर विभागीय मंडळाच्या लातूर, नांदेड आणि धाराशिव या तिन्ही जिल्ह्यांत भूमितीच्या पेपराला पोरं पेटी छातीशी धरून जातात. पण ज्या परीक्षेसाठी लातूर आणि नांदेडच्या शिकवण्या गावोगावच्या पोरांनी भरून वाहतात, त्या वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'च्या केंद्रावर मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत कंपासपेटीचं नाव असतं. दहा वर्षं सोबत असलेली पेटी फाटकाबाहेर आई-बाबांच्या पिशवीत थांबते.

खोलीवर राहायला आलेलं असंच एखादं पोर पहिल्यांदा गोलाईत शिरतं आणि १६ रस्त्यांत गोंधळतं. खिशातून मोबाईल काढून कंपास उघडतं. सुई भिरभिरते. आठचा आकडा काढल्यासारखा फोन फिरवा, अशी सूचना पडद्यावर येते. पोर इमानानं मराठी ८ काढतं, एक तिरकी रेघ आणि खाली वळण. सुई जागेवर येत नाही. शेजारच्या गाड्यावरचा माणूस पुडी बांधता बांधता विचारतो, "कुठं जायचंय? कापड लाईन का? मग देवळाला वळसा घाल की."