पाटी स्वदेशी, नोकरी परकी

दसरा-दिवाळीचा हंगाम जवळ आला की महाराष्ट्रातील शहराशहरांतून मोठ्या दुकानांची नोकरभरती सुरू होते. बारावी झालेला, पदवीच्या दुसऱ्या वर्षात अडकलेला, शेती परवडेना म्हणून तालुक्याच्या गावाहून पुण्या-ठाण्यास आलेला तरुण रांगेत उभा राहतो. दोन छायाचित्रे, आधारपत्राची प्रत आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान एवढ्यावर त्याचे काम होते. गणवेशाचा शर्ट मिळतो, गळ्यात ओळखपत्र येते, ग्राहकाशी कसे बोलावे याचे जुजबी प्रशिक्षण मिळते. पुष्कळदा मिळत नाही ती एकच गोष्ट. आपण नेमके कोणाचे नोकर आहोत, या प्रश्नाचे उत्तर!

कारण छातीवर नाव दुकानाचे असते, पगार मनुष्यबळ पुरविणाऱ्या कंत्राटदाराकडून येतो, आणि एखाद्या साबणाच्या वा दूरचित्रवाणी संचाच्या कंपनीने उभा केलेला 'प्रमोटर' असेल तर विक्रीच्या उद्दिष्टाचा हुकूम तिसऱ्याच ठिकाणाहून सुटतो. धनी तीन आणि पालक एकही नाही, अशा अवस्थेत त्याचा पहिला दिवस सुरू होतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये मनमोहन सिंग सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीस दार उघडले, तेव्हा स्वदेशी जागरण मंच, भारतीय मजदूर संघ आणि देशभरातील व्यापारी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. तो विरोध योग्यच होता. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार हा केवळ विक्रेता नव्हे. तो मोहल्ल्याचा आधार आहे, महिनाअखेरीस उधार देणारा शेजारी आहे. परकीय भांडवल पुढे आडवाटेने आलेच. २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा बहुतांश हिस्सा घेतला, हे सर्वांसमोर आहे. त्याविरुद्धची जागरूकता सोडण्याचे कारण नाही.

परंतु या लढ्यात एक प्रश्न बाजूस राहिला. मालक परका नको, हे ठरले. मालक आपला असेल तर नोकराचे काय, हे विचारायचे राहून गेले. भांडवल भारतीय आहे एवढ्याने एखादे दुकान स्वदेशी ठरते काय?

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. भांडवलशाही माणसाला केवळ अर्थमानव समजते आणि साम्यवाद त्याला राज्ययंत्राचा खिळा बनवितो, हा त्या चिंतनाचा गाभा. मग भारतीय उद्योजकाने अमेरिकेतील दुकानांची व्यवस्थापन-पुस्तिका जशीच्या तशी उचलून येथील तरुणाला 'मनुष्यबळ' या आकड्यात बसविले, तर ते दर्शन कोठे राहिले? दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगाचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण हे संघटनेचे त्रिसूत्र. ते आजच्या मॉलला लावून पाहावे. औद्योगिकीकरण झाले; श्रमिकीकरणाचा पत्ता नाही.

मुंबईच्या गिरणगावात हे चित्र उघड दिसते. जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. वर्गसंघर्षाची भाषा बोलणारे आणि हटवादी मालक यांच्या रस्सीखेचीत कामगार देशोधडीला लागला. लोअर परळला जेथे फिनिक्स मिल होती, तेथे आज झगमगता मॉल आहे. गिरणीच्या कामगाराला निदान खाते होते, पाळी होती, हाक मारली तर ओ देणारी संघटना होती. त्याच्या नातवाला वातानुकूलित हवा मिळाली. बाकीचे सारे हरवले.

यातील सर्वांत साधी गोष्ट म्हणजे बसणे. कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांतून तरुण मुली सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असतात. ग्राहक नसला तरी बसायचे नाही, हा अलिखित नियम. केरळमध्ये या विक्रेत्या स्त्रियांना स्वतःच रस्त्यावर उतरावे लागले. श्रमिकांचा कैवार घेणाऱ्या डाव्यांचा जेथे एवढा दबदबा, त्या राज्याला त्यांना बसू देणारी कायदादुरुस्ती करण्यास २०१८ साल उजाडले! तमिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. ज्या समाजात दारी आलेल्याला आधी पाट मांडला जातो, त्या समाजात लेकीबाळींना टेकण्यासाठी कायदा करावा लागावा, ही लाजेची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट सणाची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याची सुट्टी दिली आणि वर्षाला ८ पगारी सुट्ट्या दिल्या. त्यांत प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधी जयंती या चार. उरलेल्या चार सणांच्या. त्या दिवशी काम करून घेतले तर दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी द्यावी लागते. प्रत्यक्षात सण म्हणजे दुकानांचा विक्रीचा हंगाम. बिग बझारने २००६ पासून २६ जानेवारीलाच स्वस्ताईचा उत्सव करून टाकला. ज्या घराच्या गुढीसाठी, लक्ष्मीपूजनासाठी आपण खरेदी करतो, तेथे सामान पोहोचविणाऱ्या मुलाच्या घरी त्या दिवशी गुढी कोणी उभारायची? संस्कृतीरक्षणाचा विचार करणाऱ्यांनी या प्रश्नास बगल देऊ नये. त्याच बिग बझारचा मालक असलेला भारतीय समूह २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि अनेक दुकाने दुसऱ्या समूहाच्या हाती गेली. पाटी अशी रातोरात बदलते तेव्हा ज्याच्या हाती नियुक्तीचा कागद नाही, त्याने कोणाच्या दारी जायचे?

यावर ठरावीक उत्तर दिले जाते : नफ्याचे प्रमाण कमी आहे, नियम लादले तर रोजगारच जाईल. स्टुलाने कोणत्या दुकानाचे दिवाळे निघाले आहे? दुसरा प्रतिप्रश्न, किराणा दुकानातील पोऱ्याला तरी कोठे नियुक्तिपत्र असते? खरे आहे, आणि तेही बदलले पाहिजे. पण तेथे मालक स्वतः गल्ल्यावर असतो, पोऱ्याच्या घरची अडचण त्याला ठाऊक असते. मोठ्या दुकानात हा मानवी धागा नाही. म्हणून तेथे कागद अधिक आवश्यक.

आणि कागद आता मागता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या. नियुक्तिपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेखही त्यांत आहे. मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर उपदानाचा हक्क आला. मजदूर संघाने वेतन व सामाजिक सुरक्षा संहितांचे स्वागत केले आणि उरलेल्या दोहोंतील त्रुटींवर बोट ठेवले, ही भूमिका संतुलित आहे. मात्र महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास आणि कायदा २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता ठेवण्यास संमती दिली, हे पाऊल उलट दिशेचे आहे. सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून गप्प बसण्याची परंपरा या विचारकुलात नाही. वाजपेयी सरकारच्या अर्थनीतीवर ठेंगडींनी जाहीर प्रहार केले होते, हे विसरता येत नाही.

नोकरीवर रुजू होणाऱ्या तरुणाने पहिल्याच दिवशी तीन गोष्टी मागाव्यात : नियुक्तिपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असल्यास राज्य विमा योजनेचे कार्ड. एकट्याने मागितले तर त्याला दार दाखविले जाईल, म्हणून मजदूर संघाच्या कार्यकर्त्यांनी कारखान्याच्या फाटकावरून मॉलच्या फाटकावर यावे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ज्या ग्राहक चळवळीची मुहूर्तमेढ रोवली, तिनेही शोषणमुक्त समाजाचे स्वप्न पाहिले होते. त्या वारशाला स्मरून ग्राहकाने मालाचा भाव विचारावा तसा एक प्रश्न आणखी विचारावा : इथल्या मुलींना बसायला जागा आहे का?

या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तरच ते दुकान स्वदेशी म्हणावे. नसेल तर मालकाचे नाव कितीही आपले असो, ते दुकान परकेच.