पानिपत पुरे, फेरफार काढा

शॉमबर्गातल्या आपल्या प्रत्येक पंगतीत कुणाचा तरी पूर्वज पानिपतावर लढलेला असतो. १७६१ चा पुरावा मागतंय कोण!

त्यापेक्षा आजोबांच्या जमिनीचे जुने फेरफार काढा. अनेक जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीही वारस झाल्या, त्यामुळे नंतरच्या वारसनोंदीत आत्यांची नावं दिसतील. मग, बहुधा थोड्याच दिवसांत, ‘हक्कसोड’ आणि नावं कमी. (कुलवृत्तांतात तर मुलगी लग्नापाशीच संपते.)

घरातली गोष्ट काय सांगते? ‘आत्याने आनंदाने सही दिली.’ ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली? ज्यांच्या नावावर जमीन राहिली त्यांनीच ना? आत्या हयात असेल तर आज फोन करा. सही करताना समोर कोण कोण बसलं होतं, ते विचारा.