तैनाती फौजेची किंमत

युरोपीय संघ आणि नाटो यांच्या लष्करी सहकार्याशी कुरुंद्याच्या पारावर बसणाऱ्या शेतकऱ्याला काय कर्तव्य, असे आमचे काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी मात्र ब्रुसेल्सला जाण्याचे कारण नाही, हिंगोलीपर्यंत गेले तरी पुरे.

1795 साली खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा इंग्रज तटस्थ राहिले. निजामाला वाटलेली भीती खरी होती. तिच्याच पोटी निजामअलीने 1798 मध्ये कंपनीची तैनाती फौज पत्करली आणि फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील आपल्या पलटणी मोडल्या. 1800 च्या तहाने या फौजेच्या खर्चापोटी, म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख कंपनीच्या पदरात पडला. एवढ्यावर भागले नाही. रेसिडेंट रसेलच्या पुढाकाराने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणखी एक फौज उभी राहिली. पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेलेली ती हीच, आणि हिंगोली हे तिच्या छावणीचे ठिकाण. पगार निजामाचा, हुकूम इंग्रजांचा! पगार भागवण्यासाठी पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्जे काढण्यात आली. दरबाराच्या कर्जाचे ओझे शेवटी सारा भरणाऱ्या कुणब्याच्याच पाठीवर येते. 1853 साली थकलेल्या रकमेपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1902 मध्ये कर्झनने ते सालिना 25 लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने घेतले. पुढच्याच वर्षी कंटिन्जंट मोडली आणि हिंगोलीची छावणी उठली. वऱ्हाड मात्र निजामाला परत मिळाले नाही.

युरोपची आजची स्थिती अगदी अशीच आहे असे आम्ही म्हणणार नाही. तेथील राष्ट्रे आपापल्या संसदांच्या संमतीने नाटोत गेली आहेत. संघाच्या 27 सदस्यांपैकी 23 नाटोतही आहेत. रशियाने फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर केलेले आक्रमण हा साम्राज्यवादच होय, आणि त्याला दुसरे नाव देणाऱ्या डाव्या मित्रांशी आमचा मतभेद आहे. पोलंड वा एस्टोनियाच्या माणसाला वाटणारी भीती खोटी नाही.

तरीही हुकूम कोणाचा, हा हिंगोलीचा प्रश्न येथेही उरतोच. 1954 साली युरोपच्या संयुक्त सैन्याचा करार फ्रान्सच्याच नॅशनल असेंब्लीत बारगळला. त्यानंतर युरोपचे संरक्षण म्हणजे नाटो, आणि नाटोच्या युरोपातील सर्वोच्च सेनापतिपदी 1951 पासून आजतागायत अमेरिकन अधिकारीच. 2003 च्या 'बर्लिन प्लस' व्यवस्थेनुसार संघाला नाटोची साधने वापरता येतात. 2004 मध्ये बोस्नियात सुरू झालेली संघाची मोहीम त्यावरच उभी राहिली, परंतु अशी साधने नाटोच्या संमतीशिवाय मिळत नाहीत. 2016, 2018 आणि 2023 मध्ये सहकार्याचे संयुक्त जाहीरनामे निघाले. (तुर्कस्तान व सायप्रस यांच्या भांडणापायी दोन्ही संघटनांना गुप्त माहितीची देवाणघेवाण आजही धड करता येत नाही, ही गंमत जाहीरनाम्यांत सापडत नाही.)

जून 2025 मध्ये हेगच्या परिषदेने संरक्षण व तदनुषंगिक खर्च 2035 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5 टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. स्पेनचे समाजवादी पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी आपल्या देशाला 2.1 टक्के पुरेत असे सांगितले, तेव्हा ट्रम्प यांनी व्यापारात दुप्पट वसूल करण्याची धमकी दिली. एका सार्वभौम राष्ट्राशी मित्राने बोलण्याची ही रीत नव्हे. रेसिडेंट असाच बोलत असे.

शस्त्रखरेदीसाठी संघाने मे 2025 मध्ये 150 अब्ज युरोंची कर्जयोजना मंजूर केली. तिच्यातून घ्यावयाच्या शस्त्रांत बाहेरच्या देशांचा वाटा सामान्यतः 35 टक्क्यांपर्यंतच राहील अशी अट आहे. ही अट आम्हाला स्वागतार्ह वाटते. परावलंबनाची जाणीव तिच्यातून दिसते. पण योजना मंजूर करताना युरोपीय संसदेला वगळण्यात आले आणि संसदेला न्यायालयात जावे लागले. दवाखाने, शाळा आणि पेन्शन यांच्या वाट्याचा पैसा तोफखान्याकडे वळवायचा की नाही, याचा निर्णय लोकप्रतिनिधींना टाळून होत असेल, तर ते संरक्षण कोणाचे, हे तेथील समाजवाद्यांनी आपल्या सरकारांना विचारले पाहिजे. सांचेझ यांच्या पाठीशी त्यांतले किती पक्ष उघडपणे उभे राहतात, याकडे आमचे लक्ष आहे.