खोली, भाडं आणि पाळी

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात ‘बटाट्याची चाळ’चा उतारा कोणी वाचला की सभागृह आजही खळखळून हसतं. पुलंचं ते पुस्तक १९५८ सालचं. आपल्यातल्या अनेकांचं बालपण गिरगावात, दादरला, लालबाग-परळला गेलं, पण इथे वाढलेल्या आपल्या मुलांना चाळ ठाऊक आहे ती तेवढीच. त्यांच्या आजोबांची खरी चाळ कुठल्या पुस्तकात नाही, आणि आता ती जागेवरही राहिलेली नाही. बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. गिरगावात मेट्रोसाठी जुन्या इमारती गेल्या. फिनिक्स मिलचा मॉल झाला. सुट्टीत मुंबईला गेलेली नातवंडं तिथे खरेदी करून येतात. आपल्याच घरातलं कोणी या परिसरात भोंगा झाला की धावत कामाला जायचं, हे त्यांना सांगायला बरोबर कोणी नसतं.

म्हणून या अंकात एक आग्रह धरतो आहे. आपल्या घरातल्या साध्या माणसांबद्दल लिहा.

“आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे?” हे उत्तर मला अनेक ज्येष्ठ सभासदांनी दिलं आहे. पण मराठीतल्या मोठ्या आठवणी अशाच आयुष्यांतून आल्या. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली ती आपल्या संसाराची. दया पवारांचं ‘बलुतं’ ग्रंथालीने १९७८ साली काढलं, तेव्हा नागपाड्याजवळच्या कावाखान्यातलं जगणं हजारो पांढरपेशा घरांत पहिल्यांदा पोचलं. मैल-दीड मैलावरच्या गिरगावालाही ते जग परकं होतं.

माझ्या मनात मात्र जास्त घर करून आहे ते कृष्णाबाई सुर्वे यांचं ‘मास्तरांची सावली’. नारायण सुर्व्यांची कविता आपण शाळेत वाचली. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना उचलून वाढवलं, महापालिकेच्या शाळेत शिपाई असलेले नारायण सुर्वे पुढे शिक्षक झाले, हेही आपल्याला माहीत असतं. पण कवीचं घर चालत कसं होतं, हे त्यांच्या पत्नी कृष्णाबाई बोलल्या म्हणून कळलं. त्या गप्प राहिल्या असत्या तर सुर्व्यांच्या चरित्राला निम्मी बाजूच उरली नसती. आपल्या किती घरांत ती निम्मी बाजू अजून गप्प आहे!

गिरणगावाबद्दल आकडे पुष्कळ सापडतात. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पण त्या वर्षी वाण्याची उधारी किती चढली, कोणतं भांडं मोडीत गेलं, बायको-मुलांना गावी केव्हा पाठवलं, कोणाचं कॉलेज सुटलं, हे अहवालात कुठून येणार? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून २००४ साली मौखिक इतिहासाचं जाडजूड पुस्तक केलं. तसं काम आणखी पंधरा-वीस वर्षांनी करायचं म्हटलं, तर विचारायचं कोणाला?

खानावळीचंच घ्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या बोलीवर कुणा बाईकडे जेवत. ती बाई एवढ्याशा खोलीत वीस-वीस माणसांचा स्वयंपाक रांधायची, तोही पगार होईपर्यंत उधारीवर. सावकाराच्या व्याजात ती पिचून जायची. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. संस्थेचा इतिहास लिहिला गेला. पण त्या खोलीत जेवलेला तुमचा काका किंवा ती चूल सांभाळणारी तुमची आजी काय सांगेल, ते तुम्हीच लिहू शकता.

कटू असेल तेही गाळू नका. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त, पण दलितांना तिथे घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जोरात मांडला. हे वाचताना मला नेहमी वाटतं, शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल? त्याने ते घरी सांगितलं का? आपल्यापैकी काहींचे पणजोबा तिथे उभे होते, काहींच्या पणजोबांना आत घेतलंच नाही. दोन्ही घरं आज आपल्या मंडळात एका पंगतीला बसतात. दोघांनीही लिहिलं पाहिजे, आणि शेजारी शेजारी छापलं गेलं पाहिजे.

आता लिहायचं कसं. आई-वडिलांना, मामा-मावशीला फोनवर “तुमचं आयुष्य कसं होतं?” असं विचारू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला “होतं बरं” एवढंच उत्तर येतं. भाडं किती होतं आणि पावती कोणाच्या नावाची? नळाला पाणी किती वाजता यायचं? कोणती पाळी, मुकादम कोण, खाडा झाला तर किती कापले जायचे? गॅलरीत कोण झोपायचं? पाहुणे आले की कोण शेजारी झोपायला जायचं? पहिला पंखा केव्हा आला? अशा प्रश्नांवर माणूस तासभर थांबत नाही, हे मी पाहिलं आहे. बोलणं रेकॉर्ड करा आणि त्यांची भाषा जशी आहे तशी ठेवा. मालवणी, वऱ्हाडी, घाटी, काहीही असो, तिची इस्त्री करू नका.

पुढच्या अंकापासून दोन पानं यासाठी राखून ठेवली आहेत. मजकूर एक परिच्छेद असला तरी घेऊ. हाताने लिहिलेला असेल तर टाइप आम्ही करू. आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवलंत तर उतरवून घ्यायला तीन सभासद तयार आहेत. रेशनकार्ड, पगाराची चिठ्ठी, भाड्याची पावती घरात असेल तर तिचा फोटो जोडा, मूळ कागद मात्र स्वतःकडेच जपा. आणि ज्यांच्याबद्दल लिहिता आहात ते हयात असतील, तर पाठवण्याआधी त्यांना एकदा वाचून दाखवा.