पाळणाघर : किती मुलं, किती माणसं?

पाळणाघर बघायला येणाऱ्या आईबाबांचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो. "सीसीटीव्ही आहे ना?" आमच्या शेजारच्या काकू गेली बावीस वर्षं राहत्या घरात पाळणाघर चालवतात. त्यांचं दार दिवसभर उघडं, आमचंही उघडं, त्यामुळे या मुलाखती मला आपसूक ऐकू येतात. कॅमेरा विचारून होतो, एसी विचारून होतो, मुलांशी इंग्रजीत बोलता का तेही होतं. मग गाडी फीवर येते. "एकूण मुलं किती आणि सांभाळायला माणसं किती?" हे विचारणारे फारच थोडे! माझ्या मते पहिला प्रश्न हाच हवा.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण आठवते का? तिथे कॅमेरा होता. त्याच्यामुळेच सगळा प्रकार उघडकीला आला हे खरं, पण तोवर त्या बाळाने मार खाल्लेला होता.

आणि रोजचे धोके तर फार साधे असतात हो. बाथरूममध्ये भरून ठेवलेली बादली, ओट्याच्या कडेला ठेवलेला गरम चहा, कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं फिनेल, अजून दाढा न आलेल्या मुलाच्या हातात गेलेले शेंगदाणे, रिमोटमधून निघालेला गोल सेल. खिडकीखाली सरकवलेला दिवाण. यातलं काही मनुष्यवस्तीच्या घरातून पूर्ण हद्दपार होत नाही. तिथे सतत कुणाची तरी मोकळी नजर लागते. काकूंकडे सहा मुलं आणि दोन बायका. एक जण शी धुवायला गेली तरी दुसरी खोलीत असते. आता चौदा मुलं आणि एकच बाई, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. बाई कितीही प्रेमळ असो, ती टीव्ही लावणार, मुलांना एका जागी बसवून ठेवणार आणि दुपारी जितकी जास्त झोपतील तितकं बरं म्हणणार. दुसरं करणार काय?

कायद्याचं म्हणाल, तर २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आली. चांगलंच झालं. पण या तरतुदीचा हात मोठ्या ऑफिसच्या गेटपर्यंतच पोचतो. दुकानात, लहान क्लिनिकमध्ये, बँकेच्या छोट्या शाखेत नोकरी करणारी आई शेवटी बिल्डिंगमधल्या काकूच शोधते. आमच्या काकूंच्या दारात बावीस वर्षांत तपासणीला म्हणून एकच माणूस आला. सोसायटीचा सेक्रेटरी. तक्रार होती जिन्यातल्या चपलांची.

इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला 'चाइल्डमाइंडर' म्हणतात. तिला ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेकडे किंवा मान्यताप्राप्त एजन्सीकडे नोंदणी करावी लागते. साधारण नियम असा, की एका व्यक्तीकडे आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यात पाच वर्षांच्या आतली तीन, आणि एक वर्षाच्या आतलं एकच. तिची स्वतःची लहान मुलंही यात मोजायची! शिवाय लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवंच. मला यातला आकड्यांचा भाग फार आवडला. भिंतींचा रंग, खेळण्यांची यादी हे सगळं मागाहून. आधी डोकी मोजा.

आपल्याकडे हे जसंच्या तसं आणा असं मी म्हणत नाही. जाड फाइल, पाच दाखले आणि साहेबांच्या खेपा सुरू झाल्या तर काकू दुसऱ्या दिवशी पाटी काढतील आणि नातवंडांत रमतील. मग उरतील ते नोंदणीच्या वाटेलाच न जाणारे. पण वॉर्ड ऑफिसात एक पानी नोंदणी, मुलांच्या संख्येला मर्यादा, दोन दिवसांचं प्रथमोपचार प्रशिक्षण आणि वर्षातून एखादी न सांगता भेट, एवढं काही अशक्य नाही.

अर्थात मुलं कमी म्हणजे फी जास्त, आणि इथेच आपलं पालकांचं घोडं अडतं. "समोरच्या बिल्डिंगमध्ये निम्म्यात घेतात हो काकू," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! समोरच्या बिल्डिंगमध्ये निम्म्यात का घेतात, हे मोजायला कुणी जात नाही. गाडीच्या हप्त्यावर घासाघीस न करणारी माणसं इथे दोनशे रुपयांसाठी हटून बसतात. सकाळी ताप आलेल्या पोराला क्रोसिन पाजून आणून सोडतात. दुपारपर्यंत औषधाचा असर उतरतो आणि काकूंच्या मांडीवर ते पोर तापाने फणफणतं. दोन दिवसांत उरलेली पाचही आजारी. तेव्हा मात्र "पाळणाघरात स्वच्छता नाही" म्हणायचं!

माझ्या भाचीला पुढच्या महिन्यात पुन्हा कामावर रुजू व्हायचंय. ती पाळणाघर शोधतेय, मला विचारत होती. मी म्हटलं, ठरवलेल्या वेळेला एकदा जाऊन ये, आणि मग दुपारी अडीचला न सांगता पुन्हा जा. दारातच अडवलं तर तिथूनच परत फीर. आत घेतलं तर मुलं मोज, बाळं पाठीवर निजवली आहेत का पालथी ते बघ, आणि मोठी बाई बाजारात गेल्यावर मागे कोण असतं ते विचार. ती आमच्या काकूंकडेही आली होती. काकूंनी तिला चहा दिला, बाळाला मांडीवर घेतलं, आणि सांगितलं की सहा झालीत, जूनमध्ये एक शाळेत जाईल तेव्हा फोन करते. भाची थोडी जास्त फी द्यायलाही तयार होती. काकू नाही म्हणाल्या ते नाहीच.