बाळासह क्रूझवर जाताय? स्ट्रोलर घेण्याआधी केबिनच्या दरवाजाची रुंदी विचारा

मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझची आता पूर्वीसारखी नवलाई राहिलेली नाही. आजी-आजोबा, आई-बाबा आणि वर्षा-दीड वर्षाचं बाळ, असा सगळा गोतावळा घेऊन लोक जहाजावर चढतात. तिकीट काढून झालं की घरात पुढचा वाद सुरू होतो तो बाबागाडीचा. ऑनलाइन दुकानांत तीन हजारांपासून तीस हजारांपर्यंतचे स्ट्रोलर दिसतात. आई-बाबांचा कल मोठ्या चाकांच्या, ऐसपैस गाडीकडे असतो. आजीचं म्हणणं असतं, ‘कडेवर घ्या की, एवढं काय त्यात!’

जहाजाचा विचार केला तर आजी बऱ्याच अंशी बरोबर आहे. वर्षाच्या आतल्या बाळासाठी दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल, तर चांगलं बेबी कॅरिअर घ्यावं, म्हणजे आपल्याकडे जिला सर्रास ‘कांगारू बॅग’ म्हणतात ती. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी मात्र गाडी हवीच, पण ती अरुंद, हलकी आणि एका हाताने मिटणारी. शहरातल्या मॉलसाठी घेतलेली दणकट गाडी जहाजावर अडगळ ठरते. त्याची कारणं जहाजाच्या रचनेतच आहेत.

गाडी दारातच का अडकते?

क्रूझ जहाजांच्या साध्या केबिनचे दरवाजे घरातल्या दरवाजांपेक्षा बरेच अरुंद असतात. कार्निव्हल या अमेरिकी कंपनीच्या जहाजांवर साध्या केबिनचा दरवाजा 22 इंचांचा, म्हणजे जेमतेम 56 सेंटिमीटर असतो. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठीच्या केबिनमध्ये तो 32 इंचांचा असतो, पण त्या केबिन मोजक्या असतात आणि त्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांनाच मिळाव्यात. इतर कंपन्यांची मापं थोडीफार वेगळी असली, तरी साध्या केबिनचं चित्र फार बदलत नाही. मोठ्या चाकांच्या अनेक स्ट्रोलरची रुंदी 60 सेंटिमीटरच्या पुढे जाते. जुळ्यांसाठी शेजारी-शेजारी आसनं असलेली गाडी तर 75 सेंटिमीटरच्या आसपास असते. जुळ्यांच्या पालकांनी एकामागे एक आसनांची गाडी किंवा दोन हलक्या छत्री-स्ट्रोलरचा विचार करावा.

‘मग गाडी बाहेरच ठेवू’ हा उपाय चालत नाही. आग लागली किंवा जहाज रिकामं करायची वेळ आली, तर कॉरिडॉर हाच बाहेर पडायचा रस्ता असतो. म्हणून तिथे सामान ठेवू देत नाहीत. गाडी मिटवून केबिनमध्येच ठेवावी लागते. आणि केबिन ती केवढी! मुंबईहून 2021 पासून निघणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेर इथे बांधलेलं आहे. त्या काळच्या जहाजांत साध्या केबिन लहानच असत. पलंग, टेबल, तीन-चार बॅगा आणि बाळाचा पाळणा मांडला की उरलेल्या जागेत एक माणूस आडवा होऊन जाऊ शकतो, एवढंच.

त्यामुळे दुकानात सगळ्यात आधी दोन मापं बघावीत : उघड्या गाडीची रुंदी आणि मिटलेल्या गाडीची जाडी. बेबीझेन कंपनीची योयो ही गाडी प्रवासी पालकांमध्ये लोकप्रिय झाली ती याच गणितावर. रुंदी 44 सेंटिमीटर, मिटल्यावर जाडी 18 सेंटिमीटर, वजन 6.2 किलो. ती महाग आहे आणि तीच घ्यायला हवी असं मुळीच नाही. भारतीय ब्रँडच्या छोट्या ‘ट्रॅव्हल’ किंवा ‘पॉकेट’ स्ट्रोलरमध्ये या मापाच्या जवळ जाणारे पर्याय मिळतात. एखाद्या नातेवाइकाकडे पोटमाळ्यावर पडलेली छत्री-स्ट्रोलर असेल, तर चार दिवसांच्या सफरीसाठी तीही चालेल. फक्त ब्रेक आणि पट्टे शाबूत हवेत.

ब्रेकचा मुद्दा किरकोळ समजू नये. जहाज सतत थोडं हलत असतं आणि बाळ झोपलेली गाडी डेकवर उतार मिळेल तिकडे सरकू शकते. दोन्ही मागच्या चाकांना लागणारा ब्रेक आणि खांद्यावरून येणारा पाच टोकांचा पट्टा असलेलीच गाडी घ्यावी. पाठ मागे बऱ्यापैकी कलणारी हवी, कारण जेवण आणि रात्रीचे कार्यक्रम संपेपर्यंत बाळ गाडीतच झोपणार असतं. लेबलवर युरोपचं ‘ईएन 1888’ किंवा अमेरिकेचं ‘एएसटीएम एफ833’ यांपैकी एखादं मानक दिलं असेल तर उत्तम.

ऊन लागतंय म्हणून गाडीवर ओढणी टाकावी का?

कोरडी टाकू नये. डेकवर ऊन तळपत असतं, वारा असतो म्हणून ते जाणवत नाही आणि आई पटकन गाडीवर ओढणी किंवा मलमलचं दुपटं टाकते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये हेच मोजून पाहिलं. कोरड्या मलमलने झाकलेल्या स्ट्रोलरमधलं तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे अडीच अंशांनी जास्त निघालं. तेच कापड ओलं करून सोबत छोटा पंखा लावला, तर आतलं तापमान जवळपास पाच अंशांनी उतरलं. वाळ्याचे पडदे ओले करणाऱ्या घरांना हे नव्याने सांगायला नको. मात्र दमट किनाऱ्यावर ओल्या कापडाचा गुण कमी पडतो. तेव्हा हवा खेळती राहील असं मोठं छत असलेली गाडी आणि दुपारी सावली, हेच खरं.

कांगारू बॅग कशी पारखायची?

जहाजावर जिने खूप असतात आणि कार्यक्रम सुटल्यावर लिफ्टपुढे रांग लागते. अशा वेळी कॅरिअरमधलं बाळ घेऊन दोन मजले चढणं सोपं पडतं. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या बहुतेक सफरींसाठी बाळ किमान सहा महिन्यांचं असावं अशी अट घालतात, लांबच्या सफरींना वर्षाची. म्हणजे जहाजावर येणारं बाळ मान धरणारं असतं. त्यामुळे रुंद कंबरपट्टा आणि दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेलं कॅरिअर घ्यावं. एका खांद्यावरच्या झोळीवजा स्लिंगच्या नादी लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार सहा महिन्यांच्या बाळाचं वजन मध्यमानाने साडेसात-आठ किलो असतं, वर्षाचं झाल्यावर नऊ-साडेनऊ. एवढं ओझं तासभर एका खांद्यावर पेललं की दुसऱ्या दिवशी आईची मान धरते.

बसवण्याची पद्धतही बघायला हवी. बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर आणि मांड्या पूर्ण टेकलेल्या असाव्यात, समोरून पाहिल्यास इंग्रजी ‘एम’ अक्षर दिसेल असे. पाय नुसते खाली लोंबकळत ठेवणारी अरुंद बॅग खुब्याच्या सांध्यासाठी बरी नाही. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली नसावी, चेहरा सतत दिसावा आणि मान वाकवली की डोक्याची पापी घेता यावी, इतकं ते जवळ आणि घट्ट असावं. पाठीचा भाग जाळीदार असेल तर उकाड्यात दोघांचाही जीव वाचतो.

होडीत मात्र कॅरिअर सोडा

आता सगळ्यात महत्त्वाचं. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचे कठडे आणि उथळ लगून आहेत. मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि प्रवासी छोट्या बोटींतून बेटावर जातात. जहाज आणि बोट, दोन्ही हलत असतात आणि त्या हलत्या फटीवरून पाऊल टाकायचं असतं. इथे गाडीचा काहीच उपयोग नाही, आणि पुढे पुळणीवर छोटी चाकं रुततात ती वेगळीच. गाडी केबिनमध्येच राहू द्यावी.

अशा वेळी बाळाला छातीशी बांधून घ्यावं असं कोणालाही वाटेल. हात मोकळे राहतात, बाळ घट्ट असतं. पण छोट्या बोटींसाठी सागरी सुरक्षेचा सर्वसाधारण सल्ला नेमका उलटा आहे : बाळाला कॅरिअरमध्ये किंवा कार सीटमध्ये बांधून बोटीत बसू नये. माणूस पाण्यात पडला, तर त्याचं लाइफ जॅकेट एका माणसाला तरंगवण्यासाठी बनवलेलं असतं. छातीला बांधलेल्या बाळाचं तोंड पाण्याबाहेर राहील याची खात्री ते देत नाही. बक्कल सोडवायलाही त्या क्षणी हात चालत नाहीत. बाळावरून जॅकेट घालणं तर त्याहून वाईट, कारण श्वास कोंडतो. बाळाला त्याच्या मापाचं स्वतंत्र जॅकेट घालून हातात धरायचं, हाच मार्ग. आधी एका मोठ्या माणसाने रिकाम्या हाताने उतरायचं, मग खलाशी सांगतील त्याप्रमाणे बाळ त्याच्या हाती द्यायचं. कॅरिअर पिशवीत ठेवावं आणि किनाऱ्यावर पाय टेकले की बांधावं.

समुद्र खवळलेला असेल किंवा बाळाच्या मापाचं जॅकेट हाती आलं नसेल, तर बेटावर न गेलेलं बरं. पैसे भरलेत म्हणून उतरलंच पाहिजे, या हिशेबाला वर्षाच्या बाळापुढे अर्थ नाही. सगळे उतरल्यावर जहाज शांत असतं आणि बाळाला लगूनचं कौतुक तसंही नसतं. आई-बाबांनी आलटून-पालटून जावं, आजी-आजोबा सोबत असतील तर प्रश्नच मिटला.

बाळाचं लाइफ जॅकेट मिळतं का?

मिळायलाच हवं. जहाजांवरच्या जीवितसुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार 24 तास किंवा त्याहून लांबच्या सफरीवर जहाजावरच्या प्रत्येक तान्ह्या बाळासाठी वेगळं जॅकेट असणं बंधनकारक आहे. ही जॅकेट 15 किलोच्या आतल्या बाळांसाठी असतात. केबिनमध्ये ते आधीच ठेवलेलं असेल असं गृहीत न धरता चढल्याबरोबर मागून घ्यावं आणि बाळाला एकदा घालून बघावं. बाळ रडेल, तरीही घालावं. बेटावर नेणाऱ्या बोटीत हेच जॅकेट वापरायचं की वेगळं मिळणार, तेही तेव्हाच विचारावं.

इटलीजवळ जानेवारी 2012 मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाज खडकावर आदळून 32 जणांचा जीव गेला. त्यात काही प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले आणि कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटल्याबरोबर घेणं सक्तीचं झालं. बाळ झोपलंय म्हणून ती टाळू नये. आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत, म्हणजे गाडी तिथेच सोडून बाळाला घेऊन जिना उतरायचा असतो. आपल्या केबिनपासून ठरलेल्या जागेपर्यंतचा जिना त्याच दिवशी एकदा बाळासह चालून पाहावा.

क्रूझ कंपन्या ‘फॅमिली हॉलिडे’ म्हणून जाहिरात करतात, तर दरवाजाची रुंदी, बाळाच्या जॅकेटची सोय आणि कुठल्या थांब्यावर बोटीने जावं लागेल, या तीन गोष्टी बुकिंगच्या पानावर ठळक असायला हव्यात. पालकांनी त्या अटींच्या जंगलात का शोधायच्या? तोवर ई-मेल करून लेखी उत्तर मागवणं हातात आहे. डायपर वापरणाऱ्या बाळांना अनेक जहाजांवर मुख्य तलावात उतरू देत नाहीत, स्विम डायपर घातला तरीही. तेही त्याच ई-मेलमध्ये विचारून घ्यावं.

गोव्याच्या थांब्याचं तुलनेने सोपं आहे. जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं, गाडी खाली नेता येते. पण पणजीतल्या फोंतेन्हासच्या गल्ल्या आणि जुन्या चर्चच्या पायऱ्या बघता तिथेही कॅरिअरच कामाला येतं. टॅक्सीत बसताना मात्र लक्षात ठेवावं की कॅरिअर म्हणजे कार सीट नव्हे. धक्का बसला तर मोठ्या माणसाचा सगळा भार बाळावर येतो.

खरेदीआधी घरच्या घरी एक चाचणी करता येते. दोन खुर्च्यांमध्ये 56 सेंटिमीटरची फट ठेवायची, बाळाला कडेवर घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने गाडी मिटवून त्या फटीतून न्यायची. दुकानदाराला टेप मागितली तर तोही नाही म्हणत नाही. सफरीहून आल्यावर चाकं आणि सांगाडा गोड्या पाण्याने पुसून कोरडा करावा, नाहीतर खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजतात आणि पुढच्या सुट्टीत गाडी उघडतच नाही.