लग्नाची ब्लू-रे पेनड्राइव्हमध्ये घेताय? ‘कन्व्हर्ट करून द्या’ म्हणण्याआधी हे वाचा

अमरावती-नागपूर महामार्गावरचं तिवसा घ्या किंवा वऱ्हाडातलं दुसरं कुठलंही तालुक्याचं गाव. टीव्हीच्या खणात नाहीतर कपाटात साड्यांच्या घडीखाली एक जाडजूड कव्हर सापडतं. वर नवरा-नवरीचा फोटो, आत एक-दोन चकत्या. घरात तिला कुणी ‘सीडी’ म्हणतं, कुणी अजूनही ‘लग्नाची कॅसेट’. पण लग्न साधारण २०१० नंतरचं असेल आणि स्टुडिओवाल्याने ‘एचडी पॅकेज’ दिलं असेल, तर ती बहुधा ब्लू-रे असते किंवा साध्या डीव्हीडीवर भरलेलं एचडी शूटिंग असतं. त्यात मांडवात खुर्ची टाकून बसलेले आजोबा असतात. ते आता नसतात.

चकती आहे, पण ती लावायची कशात? प्लेअर बंद पडलेला. नव्या लॅपटॉपला चकतीचा कप्पाच नाही. मग ती घेऊन कुणीतरी दुकानात जातं. ‘भाऊ, हे मोबाईलमध्ये टाकून देता काय?’ ‘हो, कन्व्हर्ट करून देतो.’ दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह हातात येतो. मोबाईलवर सगळं छान दिसतं. घरी येऊन मोठ्या टीव्हीवर लावलं की मात्र चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात आणि अक्षता पडतात त्या क्षणी पडद्यावर नुसते चौकोन नाचतात.

चकती खराब नव्हती. चित्र बिघडलं ते ‘कन्व्हर्ट’ करताना. आणि ते बिघडवण्याची गरजच नव्हती.

हा प्रश्न आत्ताच का?

कारण या चकत्यांचं जग आवरतं घेतलं जातंय. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारात नवे ब्लू-रे प्लेअर आणणार नसल्याचं सांगितलं. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये कोऱ्या ब्लू-रे चकत्या बनवणं थांबवलं. २०२४ च्या अखेरीस एलजीने प्लेअरचं उत्पादन थांबवल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये सोनीने जाहीर केलं की फेब्रुवारीपासून कोऱ्या ब्लू-रे चकत्या, मिनीडिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेट बनवणं बंद. ब्लू-रे जन्माला घालण्यात सोनीचाच मोठा वाटा होता, म्हणून ही बातमी इतरांपेक्षा मोठी.

याचा अर्थ उद्या सगळं संपलं असा नाही. सिनेमाच्या छापील ब्लू-रे अजून निघतात, काही कंपन्या कोऱ्या चकत्याही बनवतात. पण तिवस्यासारख्या गावात खरी अडचण वेगळी आहे. चकती वाचणारं यंत्र ज्याच्याकडे आहे असा माणूस तालुक्यात किती दिवस सापडणार? स्टुडिओवाल्यांनी कधीच पेनड्राइव्ह आणि ऑनलाइन लिंक द्यायला सुरुवात केली आहे. जुना ड्राइव्ह बंद पडला, तर नवा घेण्याचं त्यांना काही कारण उरलेलं नाही.

डबा वेगळा, भाजी वेगळी

व्हिडिओची फाइल म्हणजे दोन गोष्टी. एक म्हणजे आतला माल, म्हणजे दाबून लहान केलेलं चित्र आणि आवाज. दुसरा म्हणजे तो माल ज्यात भरलाय तो डबा. एमपी-फोर, एमकेव्ही, एम-टू-टीएस ही डब्यांची नावं आहेत. एच.२६४ हे माल दाबण्याच्या पद्धतीचं नाव. लोक ‘एमपी-फोर करून द्या’ म्हणतात तेव्हा ते फक्त डबा मागत असतात, दुकानात मात्र भाजीच पुन्हा शिजवली जाते.

गंमत अशी की ब्लू-रेवरचं लग्नाचं शूटिंग बहुतेक वेळा आधीच एच.२६४ मध्ये असतं. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये एव्हीसीएचडी नावाची पद्धत आणली. पुढे लग्नाच्या मांडवात खांद्यावर दिसणारा सोनीचा एमसी २५०० कॅमेरा याच पद्धतीत शूट करायचा. मोबाईललाही एच.२६४ च समजतं. म्हणजे माल तोच चालणार आहे. स्टीलच्या डब्यातून काढून टिफिनमध्ये भरायचा, बस्स. याला रीमक्स म्हणतात. यात चित्राच्या एकाही ठिपक्याला हात लागत नाही.

पुन्हा शिजवणं म्हणजे री-एन्कोड. यात दाबलेलं चित्र आधी उलगडतात आणि मग पुन्हा दाबतात, सहसा आधीपेक्षा जास्त. पहिल्यांदा दाबतानाच बारीकसारीक तपशील गेलेला असतो. दुसऱ्यांदा उरलेल्यातला जातो. गेलेला परत येत नाही.

आकड्यात पाहू. एव्हीसीएचडीचं चांगल्या प्रतीचं एचडी शूटिंग सेकंदाला २४ मेगाबिट जागा खातं. तासाला होतात १०.८ जीबी, दोन तासांचे साडेएकवीस. २५ जीबीच्या ब्लू-रेवर ते नीट बसतं. दुकानातून आलेली फाइल दीड जीबीची असेल, तर मूळ मालाचा जेमतेम चौदावा हिस्सा उरला.

अक्षताच का फुटतात?

व्हिडिओ दाबण्याची युक्ती साधी आहे. जे हललं नाही ते पुन्हा साठवायचं नाही, फक्त बदल नोंदवायचा. तिवसा तालुक्यातल्याच गुरुकुंज मोझरीचं उदाहरण घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. अफाट गर्दी जागच्या जागी उभी. इतकी माणसं असूनही ते दृश्य दाबायला तसं सोपं, कारण फारसं काही हलतच नाही.

याउलट मंगलाष्टकं संपतात आणि चारी बाजूंनी अक्षता उडतात. हजारो दाणे आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. शिवाय लायटिंग लुकलुकतेय, मागे फटाके. प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी. जागा कमी दिली, की सॉफ्टवेअर इथेच हात टेकतं आणि चौकोन दिसू लागतात. म्हणजे री-एन्कोडचा सगळ्यात मोठा फटका नेमका त्याच क्षणाला बसतो, ज्यासाठी शूटिंग केलेलं असतं.

दुकानदार फसवतो असं समजण्याचं कारण नाही. लहान फाइल व्हॉट्सअॅपवर जाते, कुठल्याही मोबाईलवर चालते, गिऱ्हाईक खूश होतं. फरक कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

हे आधीही घडलंय

एचडी चकत्यांची ही पहिली पडझड नाही. २००६ मध्ये ब्लू-रेसोबत तोशिबाची एचडी-डीव्हीडी बाजारात होती. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने माघार जाहीर केली. ज्यांनी एचडी-डीव्हीडी घेतल्या होत्या, त्यांच्या हाती मृत फॉरमॅटचा ढीग उरला.

तेव्हा हौशी लोकांच्या लक्षात आलं की दोन्ही वैऱ्यांच्या पोटात चित्र त्याच तीन पद्धतींनी दाबलेलं आहे: एमपेग-टू, व्हीसी-वन आणि एच.२६४. मग चित्र जसंच्या तसं बाहेर काढून ब्लू-रेच्या रचनेत भरता येऊ लागलं. अडचण व्हायची ती आवाजाची, कारण एचडी-डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल प्लस ब्लू-रेच्या नियमांत तसाच बसत नसे. तिथे फक्त आवाज बदलायचा, चित्राला हात लावायचा नाही. हा धडा आजही तितकाच उपयोगाचा आहे.

मग करायचं काय?

आधी चकती ओळखा. ब्लू-रे वाचायला निळसर-जांभळा लेझर लागतो, साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ती उघडणारच नाही. पण डीव्हीडीवर भरलेलं एव्हीसीएचडी कुठल्याही डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येतं. चकती उघडल्यावर बीडीएमव्ही नावाचा फोल्डर दिसला, तर माल एचडीचा आहे. व्हिडिओ-टीएस दिसला तर ती साधी डीव्हीडी. तिचं चित्र मुळातच कमी तपशिलाचं असतं, पण डबा बदलण्याचा नियम तिलाही लागू आहे.

पहिलं काम म्हणजे अख्खा फोल्डर संगणकावर उतरवणं. इथे बरेच जण एक चूक करतात. आत स्ट्रीम नावाच्या फोल्डरमध्ये ०००००, ००००१ अशा क्रमाने फाइली असतात. त्यातली सगळ्यात मोठी उचलायची आणि निघायचं, असं केलं तर हळद राहते किंवा बिदाई तुटते. कोणत्या तुकड्यानंतर कोणता येणार हे प्लेलिस्ट फोल्डरमधल्या छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. एमकेव्हीटूलनिक्स हे मोफत सॉफ्टवेअर ती प्लेलिस्ट फाइल थेट उघडतं, तुकडे क्रमाने जोडतं आणि एक एमकेव्ही फाइल देतं. एफएफएमपेग वापरणाऱ्यांसाठी त्यात ‘कॉपी’ हा पर्याय आहे. दोन्हीकडे एन्कोडिंग नाही. चकतीवरचा मेनू जातो, तो जाऊ द्या.

वेळेवरूनही फरक कळतो. रीमक्सला फाइल कॉपी व्हायला लागतो तेवढाच वेळ लागतो. चौपट वेगाच्या ड्राइव्हवर पूर्ण भरलेली २५ जीबीची ब्लू-रे साधारण पंचवीस मिनिटांत उतरते आणि पुढचं डबा बदलणं काही मिनिटांचं. दुकानदार ‘रात्रभर लावून ठेवतो’ म्हणाला, तर तो बहुधा पुन्हा शिजवणार आहे. फाइल परत आल्यावर आकार बघा. २० जीबीची चकती असेल, तर फाइल २० च्या आसपासच हवी.

दोन-तीन खोड्या येतात, त्या आधी माहीत असाव्यात. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. पेनड्राइव्हमध्ये भरपूर जागा असूनही ‘जागा नाही’ असं म्हणणारा संदेश येतो तो यामुळे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आधी आपला टीव्ही ते वाचतो का बघा. दुसरी खोडी आवाजाची. चित्र दिसतं, सनई ऐकू येत नाही, कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनला डॉल्बीचा आवाज समजत नाही. व्हीएलसी प्लेअर टाकला तर प्रश्न मिटतो. नाहीतर एचडी-डीव्हीडीवाल्यांनी केलं तेच करायचं: फक्त आवाज एएसीमध्ये बदलायचा, चित्र तसंच ठेवायचं. तिसरी खोडी म्हणजे नवरदेव घोड्यावरून जाताना दिसणाऱ्या कंगव्यासारख्या रेषा. जुने कॅमेरे एक चित्र दोन हप्त्यांत टिपायचे, त्याच्या या खुणा. टीव्ही त्या स्वतः मिटवतो, काही मोबाईल मिटवत नाहीत. मूळ फाइलमध्ये दोष नसतो. निष्काळजी री-एन्कोडमध्ये मात्र या रेषा चित्रात कायमच्या कोरल्या जातात.

व्हॉट्सअॅपसाठी लहान फाइल करूच नये का? खुशाल करा. मामांना २० जीबी कोण पाठवणार? फक्त मूळ माल आधी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि लहान फाइल त्यातून काढा. गडबड होते ती लहान फाइल हाती आली म्हणून चकती भंगारात टाकल्यावर.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणी पैसे देऊन आपल्यासाठी व्हिडिओ करून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक पैसे देणाराच असतो. म्हणजे लग्नाच्या शूटिंगची प्रत काढायला स्टुडिओची परवानगी सहसा लागत नाही. मागे वाजवलेली सिनेमाची गाणी मात्र तुमच्या मालकीची होत नाहीत. यूट्यूबवर टाकल्यावर आवाज बंद होतो किंवा दावा येतो तो त्यांच्यामुळे.

सिनेमाच्या विकत घेतलेल्या ब्लू-रेचं प्रकरण निराळं. त्यांना एएसीएस हे डिजिटल कुलूप असतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. घरच्या लग्नाच्या चकतीला सहसा असलं कुलूप नसतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

चकती वाचतच नसेल तर?

घरी भरलेल्या चकत्यांमध्ये माहिती रसायनाच्या पातळ थरावर लिहिलेली असते. छापील सिनेमाच्या चकतीइतका तो थर टिकाऊ नसतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या छताखालची कपाटं तापतात. ऊन आणि ओल हे दोन्ही त्या थराचे शत्रू.

एका ड्राइव्हने नकार दिला म्हणून चकती मेली असं धरू नका. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह तीच चकती वाचू शकतो. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. तरी अडलं तर डीडीरेस्क्यूसारखं सॉफ्टवेअर वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. आणि या सगळ्याच्या आधी ज्याने लग्न शूट केलं त्याला एक फोन करून बघा. काही स्टुडिओवाल्यांकडे जुन्या हार्ड डिस्कवर मूळ शूटिंग अजून पडलेलं असतं, जागा हवी म्हणून ते पुसेपर्यंत.